आरशातली कात्री

बैठक जेवणाच्या टेबलाभोवती घ्यायची असं दादाने ठरवलं, कारण कारखान्यात घेतली असती तर बाबा ऐरणीवरून उठलेच नसते. म्हणून रविवारी दुपारी ताटं उचलल्यावर, टेबल पुसून झाल्यावर, दादाने मधोमध एक कात्री आणून ठेवली आणि तिच्याशेजारी एक फोन. कात्री घरची होती, बाबांच्या हातची, शिंप्याची, दहा इंची. फोन धाकट्या सुनेचा होता आणि त्याच्या मागच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते.

"बोल," दादा म्हणाला. "आधी तू बोल. मग मी."

धाकटीने मांडीवरच्या दहा महिन्यांच्या मुलीला डाव्या हातावरून उजव्या हातावर घेतलं. माफीचं भाषण तिने सकाळी मुलीला आंघोळ घालताना पाठ केलं होतं. मुलीने ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि मग आईच्या नाकाला चावली होती. आज याहून वाईट काही होणार नाही, अशी धाकटीने स्वतःची समजूत काढली होती. आता समोर चार चेहरे बघून तिला वाटलं, नाक परवडलं.

"फोटो उलटे गेलेत," ती म्हणाली.

"उलटे म्हणजे? वर पाय खाली डोकं?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. आरशातल्यासारखे."

मग तिने सगळं सांगितलं. मुलीने फोन फेकला, मागचा कॅमेरा गेला. ऑनलाइन विक्रीच्या साइटवरच्या आपल्या दुकानासाठी नवे फोटो तर हवे होते. म्हणून तिने पुढचा कॅमेरा वापरला, ज्याने माणसं स्वतःचे फोटो काढतात तो. तो कॅमेरा समोरचं सगळं आरशासारखं उलटवून ठेवतो, हे तिला माहीत नव्हतं. माणसाच्या चेहऱ्यात ते कळत नाही. कात्रीत कळतं, पण कळायला बघणारा डावखुरा लागतो. आपली उजव्या हाताची कात्री त्या फोटोत हुबेहूब डाव्या हाताची दिसत होती.

"पण पात्यावर आपला शिक्का आहे ना," बाबा म्हणाले. "तो उलटा दिसला असता की."

"आपला शिक्का तीन ठिपके आहे, बाबा. आरशातही तीनच ठिपके."

बाबांनी कात्री उचलली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. पणजोबांनी हा शिक्का निवडला तेव्हा त्यांनी बऱ्याच गोष्टींचा विचार केला असणार. एवढीच राहून गेली.

धाकटीला सगळ्यात जास्त लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती आणि ती तिने भाषणातून गाळली होती. नवे फोटो चढवल्यावर मागणी एकदम वाढली होती. आधी महिन्याला एखादी कात्री परदेशी जायची, मग आठवड्याला दोन जायला लागल्या. हे सगळं श्रेय तिने खिडकीतल्या उजेडाला दिलं होतं, कात्रीखाली अंथरलेल्या निळ्या कापडाला दिलं होतं, आणि उरलेलं स्वतःच्या नजरेला. नवऱ्याला तर ती म्हणालीही होती की, माझ्यात काहीतरी आहे रे. जगभरातले डावखुरे शिंपी एकमेकांना कळवून तिच्या दुकानात शिरत होते, आणि ती आपली निळं कापड इस्त्री करत होती.

"आता मी बोलतो," दादा म्हणाला. "अकरा जणांची तक्रार आहे. साइटने नोटीस पाठवलीय. वर्णन एक, माल दुसरा. तीन आठवड्यांत अकराही गिऱ्हाइकांना फोटोतली कात्री मिळाली पाहिजे, नाहीतर दुकान कायमचं बंद. मी म्हणतो, होऊ दे बंद."

"दादा—"

"थांब. आधी हे ऐका सगळे. एका गिऱ्हाइकाने घेण्याआधी चक्क विचारलं होतं, ही खरंच डाव्या हाताची आहे ना? आणि आपल्या दुकानाने काय उत्तर दिलं?" त्याने फोन उचलून डोळ्यांपासून लांब धरला. "'आमची कात्री सगळ्या हातांसाठी आहे.'"

धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, खोकल्यासारखं करून हसला. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो टेबलावरचा नसलेला डाग पुसायला लागला.

"मी तिला पाजत होते तेव्हा," धाकटी म्हणाली. "एका हाताने टाइप करत होते. मला वाटलं, ते प्रेमाने विचारतायत."

खरं म्हणजे ते वाक्य तिला फार आवडलं होतं. पुढे कधी खोक्यांवर छापून घ्यावं, असंही तिच्या मनात आलं होतं.

दादाने बंद करू म्हटलं खरं, पण त्याच्या मनात तसं नव्हतं. दुकान उघडताना सगळ्यात जास्त विरोध त्यानेच केला होता. जगाला कात्र्या विकायला निघालोय, गल्लीतला शिंपी उधारीवर नेतो ते बघा आधी, असं तो म्हणाला होता. मग पहिलं पार्सल गेलं. मग दुसरं. तिसऱ्या पार्सलानंतर शेजारच्या कुलूपवाल्याला तो सहज बोलून गेला की, आपला माल हल्ली बाहेरच जातो. कुलूपवाल्याने आणखी दोघांना सांगितलं. आणि गेल्या मंगळवारी, घरात कोणाला न विचारता, दादाने दुकानाच्या नव्या पाटीची ऑर्डर दिली होती. 'देशोदेशी पोचणारी कात्री.' अक्षरं पिवळी, कडा काळी. रंगारी उद्या सकाळी ती लावायला येणार होता. बंद कर म्हणणारा मोठा भाऊ आणि पिवळ्या अक्षरांची वाट बघणारा मोठा भाऊ एकाच खुर्चीत बसले होते आणि खुर्ची अरुंद होती.

"बंद करायचं तर करा," बाबा म्हणाले. "पण माझ्या कात्रीत खोट नाही. फोटोत खोट आहे. ते लिहा त्यांना."

"त्यांना धारेचा प्रश्नच नाहीये, बाबा. हाताचा आहे."

"एकेक वाच. लोक काय म्हणतात ते मला कळू दे."

असं म्हणताना बाबांनी चेहरा अगदी कोरा ठेवला होता. गेले सहा महिने, कानस चालवता चालवता, ते रोज संध्याकाळी धाकट्याकडून परदेशी लोकांचे शेरे वाचून घेत होते, हे त्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. हातोड्याने कान गेलेत, नीट मोठ्याने वाच, असं म्हणून ते चांगले शेरे दोनदा वाचून घेत. कुठल्याशा थंड देशातल्या टोपीवाल्याने लिहिलं होतं की, ही कात्री मिटताना जो आवाज होतो तो ऐकायला मी उगाचच हवा कापत बसतो. हे ऐकल्यावर बाबा दोन दिवस स्वतःच हवा कापत बसले होते. वय वर्षं एकोणसत्तर.

धाकटीने फोन घेतला आणि एकेक शेरा आपल्या भाषेत करून सांगायला लागली. त्याच टोपीवाल्याने डाव्या हाताची दुसरी मागवली होती, भावासाठी, आणि भाऊ आता त्याच्याशी बोलत नव्हता. एका पडदे शिवणाऱ्या बाईने लिहिलं होतं की कात्री फार सुंदर आहे, मी ती भिंतीवर टांगली आहे. एका म्हाताऱ्या शिंप्याने फक्त स्वतःच्या डाव्या हाताचा फोटो पाठवला होता, खाली एक प्रश्नचिन्ह.

"आणि ही एक आहे. तीन तारे दिलेत. नाटकाचे कपडे शिवणारं कुठलंसं वर्कशॉप आहे. हिने सगळ्यात लांबलचक लिहिलंय."

टेबलाच्या टोकाला, खिडकीला पाठ करून, ताई, दोघा भावांची बहीण, बसली होती. तीन दिवसांपूर्वी ती परदेशातून आली होती, दोन वर्षांनी, एका बॅगेसह. तिने चहाचा कप उचलला. कप रिकामा होता. तरी ती प्यायली.

"'कात्रीची धार उत्तम आहे,'" धाकटी सांगायला लागली. "'पोलाद उत्तम आहे. पण जाहिरातीत दाखवलेला डावा हात खोक्यात नव्हता. मी माझं अर्धं आयुष्य उजव्यांच्या कात्र्यांनी कापून काढलं आहे. अंगठ्याच्या मुळाशी मला त्याचा घट्टा पडला आहे. तुमचा फोटो पाहून मी...'"

"बाई भांडकुदळ असणार," धाकटा म्हणाला.

"घरी कोणी विचारत नसेल," दादा म्हणाला. "म्हणून एवढं लिहायला वेळ."

"घरी विचारत नाहीत, हे खरंय," ताई म्हणाली.

कोणाचं लक्ष गेलं नाही. ती तिकडे नेमकं कुठे काम करते, हेही घरात कधी कोणी विचारलं नव्हतं. ताईला स्वतःचंच हसू आलं. चाळीस वर्षांची बाई. तिकडे ती नाटकातल्या राजांना हात वर करून उभं राहायला लावायची, राण्यांना श्वास रोखायला सांगायची, आणि कोणी हललं तर टाचणी टोचायची. आणि इथे तीन दिवस झाले, बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली एक कात्री तिला बाहेर काढता आली नव्हती. पहिल्या दिवशी वाटलं, आल्या आल्या नको. दुसऱ्या दिवशी बाबा भट्टीवर होते. तिसऱ्या दिवशी तिने टॉवेल उघडला आणि पुन्हा नीट गुंडाळला, जणू टॉवेलाला घडी हवी होती. वर्कशॉपच्या नावाने मागवली तेव्हा तिला वाटलं होतं, किती हुशार आपण.

"पुढे वाच," बाबा म्हणाले.

"'तुमचा फोटो पाहून मी रात्री...' नाही, 'मी कामावरच्या सगळ्यांना बोलावून दाखवला. त्यांना सांगितलं, बघा, हे तीन ठिपके मला माहीत आहेत. मला वाटलं होतं...'" धाकटी थांबली. ती ओळ तिने आधी दहादा वाचली होती, पण मोठ्याने वाचायची पहिलीच वेळ होती. तीन ठिपके परदेशातल्या बाईला कुठून माहीत, हा प्रश्न तिला आत्ता पडला.

"'मला वाटलं होतं,'" ताई म्हणाली, "'ज्याने हे बनवलं त्याला उशिरा का होईना माझा हात दिसला.'"

मुलीने चमचा खाली टाकला. तो कोणीच उचलला नाही.

दादाने फोनकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि घरी कोणी विचारत नसेल हे आपलं वाक्य परत कसं घ्यावं याचा विचार केला. ते परत घेण्यासारखं नव्हतं. धाकटा टेबलाखाली चमचा शोधायला गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

"तीनच का दिलेस?" बाबांनी शेवटी विचारलं. "माल फोटोसारखा नव्हता. एक द्यायचा होतास."

"धार चांगली होती, बाबा."

"हं."

ताई आत गेली, टॉवेल घेऊन आली आणि तिने कात्री टेबलावरच्या कात्रीशेजारी ठेवली. दोन्ही सारख्या. मग ती उभीच राहिली, कारण बसलं तर रडू येईल अशी तिला भीती होती आणि टाचण्या टोचणाऱ्या बाईने रडणं बरं दिसलं नसतं.

"सोळा वर्षांची होते," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना मेणाचा गोळा द्यायचात. मूठ आवळायची, आणि त्या ठशावरून कात्रीची मूठ करायची. दादाला दिलात. धाकट्याला तर आठ वर्षांचा असताना दिलात. मी डाव्या हाताने आवळला, तर तुम्ही तो परत भांड्यात टाकलात. म्हणालात, इथे सगळं उजव्याचं आहे."

"होतंच," बाबा म्हणाले.

"म्हणून मी गेले."

बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्याची बोटं डाव्याहून जाड होती. त्या दिवशी गोळा भांड्यात टाकताना त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांना नीट आठवत होतं. मनात भीती होती, पण कारागिराने भीती वाटते म्हणायचं नसतं, म्हणून त्यांनी नियम सांगितला होता. नंतरची चोवीस वर्षं तो नियम त्यांनी इतक्या जणांना ऐकवला की त्यांनाही तो खरा वाटायला लागला.

"माझी एकही कात्री माझ्या हाताने कापल्याशिवाय बाहेर जात नाही," ते म्हणाले. "ओलं कापड, टोकापर्यंत, एका दमात. ते जमलं की मग तीच पट्टी पात्यांना गुंडाळून देतो. डाव्या हाताची कात्री माझ्या उजव्या हातात पाती फाकवते. कापडाला नुसती चावते. ती चांगली झाली का वाईट, मला कळणारच नाही. जी मला तपासता येत नाही ती तुला कशी देऊ? वाईट निघाली असती तर?"

"हे तेव्हा सांगायचंत."

"मला वाटलं तू पुन्हा विचारशील."

"मला वाटलं तुम्ही विचाराल."

"या घरात," धाकटा टेबलाखालून म्हणाला, "विचारायचं काम कोणीतरी पगारावर ठेवायला हवं होतं."

"तू चमचा शोध," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज बदलला होता. त्याने खुर्ची पुढे ओढली. "बाबा, पाती उलटी जुळवायची, खिळा दुसऱ्या अंगाने, पात्याचा बाक उलटा द्यायचा. घडण्यात काही नवं नाही. हो ना? अडतं फक्त तपासायला."

"तू तर बंद करा म्हणत होतास," बाबा म्हणाले.

"मी पर्याय मांडत होतो."

"काय पर्याय? एकच तर मांडलास."

धाकटी त्याच्याकडे बघत होती. तिला काल संध्याकाळी पाटीवाल्या रंगाऱ्याचा फोन आला होता, अक्षरं नक्की पिवळीच ना, म्हणून. ती बोलली नाही. आजच्या दिवशी घरात एकाच माणसाचं हसं झालेलं पुरे होतं, आणि ते माणूस होण्याचा अनुभव तिला होता.

बाबा ताईकडे वळले. "तुझं विमान कधी?"

"पुढच्या बुधवारी."

"दहा दिवस. अकरा कात्र्या." त्यांनी घसा साफ केला. साधी गोष्ट होती, एका वाक्याची. गिऱ्हाइकाला ते दिवसातून वीस वेळा काहीतरी विचारत. तरी त्यांनी पाणी प्यायलं, पेला जागेवर ठेवला, सरळ केला. "तू बसशील का माझ्याशेजारी? तपासायला?"

चोवीस वर्षं ज्याची उत्तरं मनात घोळवली, तो प्रश्न समोर आल्यावर ताईला त्यातलं एकही आठवेना.

"अकरातली एक माझी आहे," ती म्हणाली.

"ती पहिली."

"नाही. शेवटची. तोवर तुमचा हात बसेल."

बाबा हसले. मग उठून कारखान्यात गेले आणि मेणाचं भांडं घेऊन आले. गोळा गरम होता, आणि त्यांनी तो आधी स्वतःच्या तळव्यावर फिरवून निववला. मग ताईपुढे धरला. तिने डावा हात पुढे केला आणि आवळला. धाकटीची मुलगीही हात लांबवायला लागली, तेव्हा तिला एक छोटा तुकडा मिळाला. तिने तो दोन्ही हातांनी दाबला आणि तोंडात घातला. म्हणजे तिचं अजून काही नक्की नव्हतं.

दहा दिवस कारखान्यात शिव्या कमी आणि ओल्या कापडाच्या पट्ट्या जास्त झाल्या. पहिल्या तीन कात्र्या ताईने परत केल्या. चौथी टोकाला अडली. बाबा दर वेळी म्हणायचे, मला तर बरी वाटते, आणि ताई म्हणायची, तुम्हाला कशी कळणार, आणि मग दोघं पुन्हा बाक बघायला उजेडाकडे धरायचे. सहाव्या दिवशी बाबांनी न विचारता कात्री तिच्याकडे सरकवली आणि तिने न बोलता कापलं. पट्टी टोकापर्यंत, एका दमात गेली. नवे फोटो धाकटीने नवऱ्याच्या फोनवर काढले. तो फोन इतके महिने त्याच्या तेलकट खिशातच होता, आणि हे दोघांपैकी एकालाही आधी सुचलं नव्हतं. निळं कापड मात्र तिने ठेवलं.

ताईची कात्री मंगळवारी झाली. ती बॅगेत टाकू लागली, तर बाबांनी काढून घेतली.

"गिऱ्हाईक आहेस. पार्सलने येईल."

"बाबा, मी उद्या तिथेच चाललेय."

"बाकीच्या दहा जणांना पार्सलने आणि तुला हातात? दुकानाला नियम असतात."

त्यांनी तेलकट कागद गुंडाळला, पट्टी बांधली, आणि पत्ता स्वतः लिहायला घेतला. ती लिपी त्यांना येत नव्हती. धाकटीने कागदावर अक्षरं मोठी काढून दिली आणि बाबांनी ती एकेक करून उतरवली, कानस चालवावी तशी, जीभ दातांत धरून. वर्कशॉपचं नाव झाल्यावर त्याखाली त्यांनी ताईचं नाव लिहून मागितलं. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तीन आठवडे पुरे व्हायच्या आत अकराही पार्सलं पोचली. नोटीस मागे घेतल्याचा दोन ओळींचा निरोप आला आणि दादाने तो कुलूपवाल्याला नेऊन दाखवला. पाटी आता वर होती. टोपीवाल्याचा भाऊ त्याच्याशी बोलायला लागला होता. त्या सकाळी धाकटी मुलीला भरवत असताना फोन वाजला. तिने पाहिलं आणि मुलीला काखेत घेऊन, बरबटलेल्या हातानेच, कारखान्यात गेली.

"बाबा, ताईंनी शेरा बदलला."

बाबांनी कानस थांबवली. धाकट्याने ग्राइंडर बंद केला.

"किती तारे?"

"चार."

"चार?" धाकटा म्हणाला. "एवढं सगळं करून?"

"खाली लिहिलंय." धाकटीने मुलीला दुसऱ्या हातावर घेतलं आणि वाचलं. "'कात्री हातात अशी बसते, जणू आधीपासून तिथेच होती. एक तारा कमी, कारण यायला चोवीस वर्षं लागली.'"

बाबांनी मान डोलावली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नीट वाच परत. हातोड्याने कान गेलेत."